जपून ठेवायला दिलेली जर्सी

वसई,
१८ नोव्हेंबर १९९९

तीर्थस्वरूप ज्युलियसदादा यांस,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे बॅप्टिस्टचा नमस्कार. तुझा गुडघा आणि कॅथरिनवहिनींचं ब्लडप्रेशर देवकृपेने ताळ्यावर असेल. इकडे तुझी आई, आमची आल्बिना मावशी, ठणठणीत आहे. लेक नाताळला येणार म्हणून तिने आतापासून घर रंगवायला काढलंय. मला मात्र तू येणार हे ऐकल्यापासून झोप नाही, आणि त्याचं कारण लिहिताना मान वर करवत नाही.

शिकागोत घर बदलताना वहिनींनी परक्याच्या घामाचे कपडे नव्या घरात नकोत असं बजावलं, तेव्हा तू संग्रहातली सगळ्यात लाडकी जर्सी माझ्याकडे पाठवलीस. सन बहात्तरची, नामांकित बास्केटबॉल खेळाडूने भर सामन्यात घातलेली, घामाच्या डागांसकट. (मावशी तिला अजून गंजीफ्रॉकच म्हणते.) धुवायची नाही आणि घालायची नाही, या तुझ्या दोन अटी. पहिली मी प्राणपणाने पाळली आहे.

दुसरीचं असं झालं. बास्केटबॉलवर मी किती बोलतो ते साऱ्या गावाला ठाऊक आहे (कधी खेळलो नाही, हे फक्त तुला). पॅरिशच्या सणाला चाळिशी ओलांडलेल्यांचे सामने ठरले आणि कप्तान जेसनने मला न विचारताच माझं नाव घातलं. इतकी वर्षं बडबड केल्यावर नाही म्हणायला तोंड कुठलं? निदान अंगावर तरी काहीतरी खरं असावं, म्हणून कपाट उघडलं. त्या काळी जर्सी फार तंग शिवत. आमच्या क्लाराने मागून ओढून ती कशीबशी माझ्या पोटावरून उतरवली आणि म्हणाली, "आता श्वास जपून घ्या."

विरारकरांशी सामना रंगला. शेवटच्या मिनिटाला मी बॉलसाठी उंच उडी घेतली आणि जर्सी काखेपासून कमरेपर्यंत फाटली. पुढे जेवणात छातीवर इंद्यालाचा रस्सा सांडला (धुतलेला नाही, अट लक्षात आहे). दादा, तू विश्वासाने दिलेली वस्तू मी मिरवायला काढली, याची मला फार लाज वाटते. रागाचे दोन शब्द लिही, म्हणजे जरा हलकं वाटेल.

तुझा,
बॅप्टिस्ट

ता. क. फाटकी जर्सी घालून हा जेवायला कसा बसला, हे तू विचारशीलच. शिवाय कापड कशाने फाटलं ते तुला बघताक्षणी कळतं, आणि हा काप अगदी सरळ आहे. तर उडीबिडी काही नाही. साऱ्या सामन्यात मला कुणी बॉल दिलाच नाही. घाम आला तो उन्हात उभं राहून. मग जर्सी अंगातून निघेना, म्हणून तशीच घालून जेवलो, आणि घरी क्लाराने ती कोळंबी सोलायच्या कात्रीने कापून काढली.

ता. क. २. आम्ही जिंकलो. रविवारी दुसरी फेरी आहे. क्लाराने कापलेल्या बाजूला बंद लावून दिलेत, त्यामुळे जर्सी आता मापात बसते आणि निघतेही सहज. तुझं उत्तर यायला पंधरा दिवस लागतील, तेव्हा तुझी परवानगी आहे असं धरून चालतो.