लिंबाचा टहाळा

मंगळवार, दिवेलागण

आजही सासूला माझ्या बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवू दिला नाही. दारात कडू लिंबाचा टहाळा मीच बांधलाय.

मला चौथा महिना होता तवा शेजारच्या लेकरांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. त्या दारातही असाच टहाळा होता, बाहेरच्यानं आत येऊ नये म्हणून. तरी सासूनंच मला आत धाडलं, "देवी आली हाय, पोटुशीनं पाया पडावं." पंधरा दिवसांनी मलाही ताप आला, पुरळ उठलं.

पोरगी जन्मली ती ओंजळीएवढी. नव्यानं झालेल्या जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लेकरामागून पडलेली वार उलटून पाहिली. म्हणाल्या, विषाणू वारेतून लेकरापर्यंत गेला. रोगाशी झुंजायची ताकद कमी हाय, खोकणाऱ्याला लांब ठेवा.

सासू खोकत होती. मला तेवढंच पाहिजे होतं. लेकरावर देवी हाय असं तिला सांगितलं नि टहाळा बांधला.

आज उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "नातीचं तोंड तरी दाव गं. किती दिवस असं?"

"देवी जाईल तवर, आत्याबाई."

देवीपुढं तिचं काय चालणार? तिथंच बसून राहिली बिचारी. बिचारी कशाला लिहिलं मी?

तिचा खोकला जाऊन आठ दिवस झाले. टहाळा पार वाळलाय. या दुष्काळात गावात लिंब तेवढा हिरवा हाय. उद्या ताजा बांधीन.