साहेबांचा 'कचरा' फोल्डर

नांदुरा, बुधवार संध्याकाळ

मेल सर्व्हरवर मी नकोसे मेल अडवणारा स्पॅम फिल्टर बसवून तीन आठवडे झाले. तेव्हापासून आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात बोंडअळीची एकही तक्रार नाही. साहेब खुश. मला मात्र खटकत होतं. बीटी कपाशीत अळी शिरलेली असताना सगळे विक्रेते एकदम गप्प कसे?

आज जळगाव जामोदचे विक्रेते रफिकभाई फोनवर तापलेच. "चार मेल टाकले, फोटोसकट. काऊन उत्तर देऊन नाही राह्यले तुम्ही?"

फिल्टरनं अडवलेले मेल उघडले. लॉटरी लागल्याच्या फसव्या मेलांमध्ये रफिकभाईंचं किडकं बोंड! बाकीच्यांच्या तक्रारीही तिथंच.

फिल्टर आपण दाखवू तेच शिकतो. नको असलेले मेल 'कचरा' फोल्डरात टाका, असं मीच साहेबांना सांगितलं होतं. रोज संध्याकाळी तो फोल्डर जसाच्या तसा फिल्टरला दाखवत होतो, एकदाही आत न पाहता. गाढवपणा माझाच. आज उघडला, तर त्यातही सुरुवातीच्या काही तक्रारी. पण त्या तिथं टाकल्या कुणी?

"चुकून गेल्या असतील," साहेब म्हणाले. "मी तर त्या वाचल्याही नाहीत." ते खरंच होतं. सगळ्या न उघडलेल्या होत्या. मग मी उगाच संशय घेतोय का?

दुपारी फिल्टरला शिकवलेलं सगळं पुसलं आणि रफिकभाईंचा मेल साहेबांच्या इनबॉक्सात सोडला.

सहा वाजता पाहिलं. किडकं बोंड परत 'कचरा'मध्ये. या वेळी मेल उघडून वाचलेला होता.