शौर्यची बेरीज

२३ ऑक्टोबर, धार

भाऊबीज. फत्तेसिंगला ओवाळलं. उठताना त्याला टेबल धरावं लागलं. दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, डायलिसिससाठी इंदूरच्या फेऱ्या चालू आहेत.

जेवणानंतर विषय निघाला. माझा रक्तगट जुळतो. ‘देशील का’ असं कोणी विचारलंच नाही. पुतण्या शौर्य समजावायला बसला. यूपीएससीची तयारी करतोय – एथिक्सचा पेपर मीच शिकवला त्याला. “आत्या, इमोशनल नको होऊ, लॉजिकली बघ. पप्पांवर आम्ही सगळे, पीथमपूरच्या वर्कशॉपमधल्या कामगारांची घरं. तू एकटी. तुझं नुकसान कितना? एक ऑपरेशन. टोटल बघ ना.”

शब्द माझेच. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. कृतीचा बरेवाईटपणा परिणामावरून ठरवायचा. स्वतः उदाहरण झाले तेव्हा कळलं – यात माणसाला विचारायला जागाच नाही.

२५ ऑक्टोबर, देवास

भावजयीचा फोन. उर्वशी म्हणाली, “ताईसाहेब, तुमच्या मागे तरी कोण आहे?” मागे कोणी नाही म्हणून आतलं काढून घ्यायचं?

२९ ऑक्टोबर

बी.ए.चा तत्त्वज्ञानाचा वर्ग. तेच जुनं कोडं: पाच रुग्ण अवयवांवाचून मरतायत, तपासणीला एक धडधाकट माणूस आलाय. कापावा का? चिराग शेवटच्या बाकावरून: “मैडम, वो भिया अकेला रहता था क्या? फिर पूछेगा कौन!” वर्ग हसला.

ऋतिका म्हणाली, असं झालं तर दवाखान्यात कोणी पाऊलच टाकणार नाही, म्हणजे एकूण नुकसानच. हुशार मुलगी. उपयुक्ततावादी असंच निसटतात. म्हणजे कापणं वाईट का, तर लोक घाबरतील म्हणून? आणि टेबलावरचा माणूस?

सुखांची बेरीज करता येते. ती बेरीज भोगणारा कोणी नसतो. दुखतं ते एकेकालाच. हे दरवर्षी सांगते. आज सांगताना आवाज चढला.

२ नोव्हेंबर

शौर्यने चार्ट पाठवला. खरंच चार्ट – माझं वय, उरलेलं आयुष्य, ‘डिपेंडंट्स: शून्य’. पुसून टाकला.

८ नोव्हेंबर, धार

फत्तेसिंगला भेटले. पाय सुजलेत. टीव्ही लावलेला, बघत नव्हता. निघताना म्हणाला, “ताई, नाही म्हणालीस तरी चालेल. पोरगं काहीतरी बोलतं.”

हो म्हणणार आहे. त्यांच्या टोटलसाठी नाही. तो माझा भाऊ आहे. शौर्यला हे उत्तर पेपरात लिहिता येणार नाही.

१४ नोव्हेंबर, देवास

तपासण्या झाल्या. जुळतंय.

१९ नोव्हेंबर

ईशानीचा फोन. शौर्यची धाकटी बहीण. आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, शौर्यचंही जुळलं होतं. ऑगस्टमध्येच. माझ्याहून चांगलं. डॉक्टरांची हरकत नव्हती. फत्तेसिंग म्हणाला, पोराला हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी बसून मला ठरवलं. “आत्या, मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.”

शौर्यच्या चार्टमध्ये शौर्य नव्हता.

ज्या सिद्धांतावर मी महिनाभर दात खातेय, त्याचा पहिलाच नियम: प्रत्येकाला एक धरायचं, कोणालाही एकाहून जास्त नाही. राजाचा मुलगा असो की रस्त्यावरचा, एकच. कोरडा नियम आहे. पण त्याने मला एक धरलं असतं. माझ्या माणसांनी तेवढंही धरलं नाही. आणि फत्तेसिंग टीव्हीसमोर बसून म्हणतो, पोरगं काहीतरी बोलतं.

२४ नोव्हेंबर, इंदूर

ऑपरेशनआधी देणाऱ्याला एकटं बसवून विचारतात. बाहेर बाकावर सगळे होते, शौर्यही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अपनी मर्जी से दे रही हैं?” मी म्हटलं, “नहीं.” त्यांना नवल वाटलं नाही. “घबराइए मत. घरवालों से कह देंगे, आप मेडिकली फिट नहीं हैं. कई लोगों के लिए यही कहते हैं.”

“फिट हूँ मैं,” म्हटलं, आणि दार उघडून सांगायला बाहेर गेले.