माहेरच्या जीपचं पॅकिंग

२१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ.

मोहिनीला म्हटलं, आधी तारीख टाक. टाकली म्हणते. खरं-खोटं नातीला माहीत, मला अक्षर ओळखता येत नाही. म्हणूनच ही वही फक्त माझी, बेबाबाईची. मी सांगायचं, तिने लिहायचं, वाचायचं कोणीच नाही.

आज हिलाल आला. माझा धाकटा भाऊ, सोनगीरचा. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मला माहेरी न्यायला येतो, मुराळी म्हणून, त्याची जुनी डिझेलची जीप घेऊन. बाई कितीही म्हातारी होवो, मुराळी आल्याशिवाय माहेरची वाट धरायची नाही, हा माझा नियम. एस्टीत बसवून पाठवायला मी काय पार्सल आहे?

यंदा तर जायचंच. झोक्यावर गाणी म्हणणाऱ्या आमच्या वेळच्या पोरींपैकी भागाबाई आणि मी, दोघीच उरलो. मागच्या साली ती दवाखान्यात होती. यंदा म्हणे तिने आतापासूनच निंबाला दोर बांधून ठेवलाय.

जीप अंगणात आली ती बोनेटमधून वाफ सोडत. मला वाटलं, येता येता भात शिजवून आणला.

२२ एप्रिल. सकाळ.

हिलालने इंजिनातून ऑइलची पट्टी ओढून दाखवली. ऑइल दुधाच्या चहासारखं. पाणी ऑइलमध्ये उतरलं, हेडचं पॅकिंग गेलं, म्हणाला. पितांबरने, माझ्या मुलाने, मिस्त्रीला फोन लावायला घेतला. आम्ही बहीण-भावाने मिळून त्याला गप्प केलं. हिलालने जन्मभर धुळे-सोनगीर काळीपिवळी चालवली. बठ्ठं मना डोकामा शे, अक्का, म्हणाला. सगळं इंजिन म्हणे त्याच्या डोक्यात. आणि मी जन्मभर कुकर लावला. इंजिन तरी वेगळं काय असतं? खाली भांडं, वर झाकण, मधे रिंग.

संकल्प: उद्यापर्यंत गाडी तयार. मी मधे बोलायचं नाही.

दुपार.

बोलले.

२३ एप्रिल.

ऊन असं की पान्याला हात लावला तर चटका. जीप निंबोणीच्या सावलीत ढकलली. ढकलायला पितांबर, सून आणि केळी कापायला आलेली माणसं. मी स्टीअरिंगवर. दिशा देणं हेच खरं काम.

हेड निघालं. आमच्या पाट्याएवढं जड. पॅकिंग एका जागी काळं पडून फाटलेलं. हिलालने इंजिनातून निघालेल्या सगळ्या सळ्या, रॉड म्हणतो त्यांना, गोणपाटावर ओळीने मांडल्या आणि मग शेतात केळी बघायला गेला. गोणपाट कळकट, सळ्या त्याहून कळकट. मी राखेने घासून लख्ख केल्या आणि पळ्यांसारख्या एकत्र डब्यात उभ्या केल्या.

हिलालने आल्यावर एकेक सळी डब्यातून काढून बघितली. मग विचारलं, कोणती कुठली होती? मी म्हटलं, सगळ्या सारख्याच आहेत, कोणी रुसणार नाही. तो अंगणातच खाली बसला. उन्हाने असेल.

सांजोऱ्यांसाठी रवा आणला नाही. सोनगीरला जाऊनच करू.

२५ एप्रिल.

पितांबर जळगावहून नवं पॅकिंग घेऊन आला. दुकानदार अय्युब म्हणे फार चौकशी करणारा. हेड आधी लेथवर नेऊन सपाट आहे का ते बघा, म्हणाला. आणि बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळा. मी म्हटलं, अय्युबचं दुकान आहे, त्याला बोलणं भाग आहे.

सपाट आहे का ते मी इथेच पाहिलं. देवघराच्या फरशीवर हेड पालथं ठेवलं. हललं नाही. सून म्हणाली, एवढं जड हलेल कसं? सुनांना सगळ्यात खोट दिसते.

पितांबर म्हणाला, आई, उद्या एस्टीत बसवून देतो, मामा मागून येतील. त्याला माझा नियम पुन्हा ऐकवला. यावेळी चढ्या आवाजात.

रात्री, झोपायच्या आधी.

नवी रिंग ढिली वाटली. कुकरची ढिली झाली की काय करतात? धुवायची आणि फ्रीजरमध्ये ठेवायची, आवळून येते. ठेवली. हिलालला सांगितलं नाही. चांगल्या कामाचा गवगवा कशाला?

मोहिनी लिहिता लिहिता का हसतेय, ते विचारलं नाही.

२६ एप्रिल.

रिंग आवळली नाही. फुगली. कडेला पापडासारखी वळलीसुद्धा. हिलालने ती उजेडात धरली, वास घेतला, म्हणाला, हिला मटाराचा वास का येतोय? मी देवघरात गेले.

तरी बसवली. आखाजी थांबत नाही. हळदीकुंकू वाहिलं, मग बोल्ट. हिलाल मधून सुरू करणार होता. मी म्हटलं, शुभ काम उजवीकडून, प्रदक्षिणेसारखं. त्याने मान हलवली. लहानपणापासून तो माझं ऐकतो, हा त्याचा एकच गुण. एक बोल्ट पुरता आवळायचा, मग पुढचा. बघायला फार सुबक.

माझी पिशवी भरलेलीच आहे. नऊवारी, भागाबाईसाठी केळीचे वेफर्स, गुडघ्याचं तेल. मला काही घाई नाही. सहज भरून ठेवलीय.

२७ एप्रिल.

किल्ली फिरवली. सुरू झाली! हिलालने मला हात जोडले, मी पितांबरकडे बघितलं. तेवढ्यात आतून कोणी डबे वाजवल्यासारखा आवाज. मग हेडच्या कडेने पाण्याची पिचकारी. थेट पितांबरच्या सदऱ्यावर. ऑइलची पट्टी काढली. चहा. यावेळी दूध जास्त.

हिलालला म्हटलं, निदान सुरू तरी झाली. काम फसलं असं म्हणता येत नाही. तो म्हणाला, अक्का, तू आता जरा आत जाऊन बस.

साठ वर्षांत पहिल्यांदा उलट बोलला. रेडिएटरच्या वाफेचा परिणाम.

२९ एप्रिल.

उद्या आखाजी. दुपारी दारात मंदाबाई उभी. हिलालची बायको. सोनगीरहून एकटी, एस्टीने. काय करी राह्यनात तुम्ही दोन्ही, म्हणून दारातूनच विचारलं. नवरा मुराळी म्हणून गेला तो गेलाच, उद्या घरी पितरांची घागर पुजायला घरधनी नको का? म्हणजे ही मुराळी आली ती मुराळ्यालाच न्यायला.

चहा घेताना मला म्हणाली, बाई, तुम्हीही चला, संध्याकाळची गाडी आहे. मी म्हटलं, एस्टीने? आणि मोठ्या तोऱ्यात पदर सावरला. ती म्हणाली, बरं. हिलाल चपला शोधत होता.

पुन्हा विचारतील म्हणून मी पिशवी दाराशी आणून ठेवली. नीट दिसेल अशी. दोघं तिला वळसा घालून गेले.

बाईमाणसाला निदान दोनदा विचारावं. एकदा विचारणं म्हणजे विचारणं आहे का?

३० एप्रिल. आखाजी. सकाळ.

मला काही वाटलं नाही. सांजोऱ्यांना घरात रवाच नव्हता. जीपमध्ये जाऊन बसले, जरा हवा लागते म्हणून.

भागाबाईचा फोन आला. हिलाल पोचला, तू कुठे? म्हटलं, गाडीत बसलेय. खोटं नाही. ती म्हणाली, हळू ये, पोरींना झोक्यावर चढू दिलं नाही, पहिला झोका आपल्या दोघींचा. मग म्हणाली, मला फार वेळ उभं राहवत नाही गं, दोर धरून उभी आहे.

बसून राहा, मी म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा फोन उलटा धरला होता. फोनचाच दोष.

मोहिनीला म्हटलं, आता पुरे, तूही चप्पल घाल. जळगावला गाडी कधी आहे ते बघ. पुढची धुळ्याला, तिथून सोनगीर. मुराळी माझी मीच.

एवढं शेवटचं लिहून घे: एस्टीलासुद्धा डिझेलचंच इंजिन असतं. म्हणजे बेबाबाई आखाजीला डिझेलच्या गाडीने माहेरी गेली.