दोराचं वरचं टोक

शके १७८६, आश्विन शुद्ध २. अंजनगाव सुर्जी.

अमरावतीहून बैलगाडीनं निघालो तो आज तिसऱ्या दिवशी इथं उतरलो. अंगातलं एकेक हाड आपली स्वतंत्र तक्रार सांगतं आहे, पण मन फार दिवसांनी प्रसन्न आहे. ज्यांच्याकडे उतरलो ते खुशालराव इथले मोठे शेतकरी. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे खुशालरावांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. चार वर्षांपूर्वी हे गृहस्थ अनवाणी हिंडत. आता जोडा आहे. तो चावतो, म्हणून हातात घेऊन हिंडतात.

विलायतेत यंत्रं पाण्याच्या धारेवर फिरतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं आहे. उत्तरेच्या डोंगरात एका दरीत मोठा धबधबा आहे. त्याच्यावर चाक बसवायचं आणि कापसातून सरकी काढायचे पन्नास रेचे एकदम फिरवायचे, असा बेत आहे. "पंत, पानी फुकट पडून राह्यलं ना तिथं!" असं ते मला जेवताना तीनदा म्हणाले. पाण्याचा हा रिकामटेकडेपणा त्यांच्या मनाला फार लागला आहे.

माझं काम सोपं. वाटाड्या घेऊन दरीत जायचं, धबधब्याची उंची मोजायची, दसऱ्याला परत यायचं. जमलं तर कारखान्याचा कारभार माझ्याकडे आणि विहिरीजवळचं दोन खणांचं घर. घर पाहून आलो. भिंती सरळ आहेत, चूल पूर्वेला आहे. पुण्याची शाळामास्तरकी गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, जमुना तिच्या भावाकडे राहते आहे. या घरात तिला दिवाळीला आणता येईल. सत्तेचाळिसाव्या वर्षी बायकोला पत्र लिहिताना ‘लवकरच’ हा शब्द लिहायची लाज वाटते; या खेपेला तिथी लिहिली.

शुद्ध ४. डोंगराच्या पायथ्याशी.

सोबत खुशालरावांचा गडी सहदेव आहे. ओझं तो वाहतो आणि बोलतोही तोच. बायकोला, मैनाबाईला, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माहेरी धाडलं ते परत आणलंच नाही, हे तो गड जिंकल्यासारखं सांगतो. "माहा साळा किसनराव त माह्यं नाव काढलं का थुकते, पंत! थुकू दे. त्याच्याच अंगनात पडते." मी हसलो. विनोद बरा होता.

संध्याकाळी कोरकूंच्या वाडीत पोचलो. सगळी घरं एका ओळीत, दारात शेणसडा, आमच्या पुण्याच्या पेठेपेक्षा स्वच्छ. वाटाड्या इथला सानू. पन्नाशीचा, वाळलेला, मध काढणारा. दरीच्या कड्यावर आग्या मोहोळं असतात. माणूस दोराला लटकून उतरतो आणि मध काढतो. यात यांची एक रीत आहे. वरचं टोक धरायचं ते फक्त बायकोच्या भावानं. सख्खा भाऊ चालत नाही, बाप चालत नाही. कारण विचारलं, तर भाऊ वाटणीसाठी दोर सोडील, साळा आपल्या बहिणीला रांडाव करणार नाही, असं सानूनं शांतपणे सांगितलं. इतका शहाणा कायदा मी कुठल्याही कचेरीत पाहिला नाही.

सानूच्या साळ्यानं वीस वर्षं दोर धरला. तीन वर्षांपूर्वी सानू लटकलेला असताना माश्या वर उठल्या आणि साळ्याच्या अंगावर बसल्या. त्यानं हात न सोडता सानूला हळूहळू खालच्या खडकावर टेकवलं आणि मग तो कड्यावरून डोहात पडला. प्रेत सापडलं नाही. "त्यानं दोर सोडलाच नाई, पंत. अजून नाई सोडला," सानू म्हणाला. तेव्हापासून वाडीतलं कुणी त्या दरीत दोर नेत नाही. वाटाड्या म्हणून यायला तो तयार आहे, अट एकच: दोर न्यायचा नाही.

मी होकार दिला. दोराशिवाय उंची मोजायची कशी ते मला ठाऊक नाही, तेव्हा काथ्याचा दोर सहदेवच्या ज्वारीच्या पोत्यात तळाशी घातला आहे.

शुद्ध ५. दरीत.

दिवसभर चाललो. चाललो म्हणणं हा स्वतःचा गौरव झाला, ओढलो गेलो. आधी सागाचं रान, मग बांबूचं बेट, मग एकदम जमीन फाटल्यासारखी दरी. दोन्ही बाजूंना काळा कडा, मधून नदी, नदीत घराएवढे धोंडे. सानू धोंड्यावरून धोंड्यावर टिटवीसारखा जातो. मी मागून, प्रत्येक धोंड्याची स्वतंत्र क्षमा मागत.

लहानमोठे पाच धबधबे ओलांडले. एका ठिकाणी दरी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे लागतात. तिथून कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागलं. आत शिरायला आणि बाहेर पडायला ती एकच फट आहे. पाणी चढलं की वाट बंद, असं सानूनं सांगितलं. आकाश निरभ्र होतं. मी मान डोलावली.

गुडघे संपले आहेत. मोठा धबधबा समोर आहे, त्याच्या बाजूच्या कपारीत मुक्काम; कपारीत खडकाच्या आठ पायऱ्या आहेत. आवाज इतका की सहदेवचं बोलणं ऐकू येत नाही. दरीचा हा एक गुण नोंदवून ठेवतो.

शुद्ध ६. तिथेच.

सकाळी सानू सरपणाला खाली गेला. संधी साधून दोर काढला. एकेका पुरुषाच्या, म्हणजे माणसाच्या उंचीएवढ्या, अंतरावर चिंधी बांधली. वर जायला कड्यातून एक बारीक पायवाट आहे. सहदेवनं दोराचं वेटोळं घेऊन वर जायचं, वरून टोक सोडायचं, मी खाली धरायचं. ऐकू येत नाही म्हणून खूण ठरवली. मी दोन हिसके दिले म्हणजे टोक पोचलं. त्यानं दोन दिले म्हणजे समजलं.

तासाभरानं धारेच्या बाजूनं दोर खाली आला. नीट, सावकाश, एका लयीत. सहदेवच्या हातात इतकी सफाई असेल असं वाटलं नव्हतं. टोक हातात आलं, दोन हिसके दिले. वरून दोन आले. चिंध्या मोजल्या. चौदा पुरुष. आकडा वहीत लिहिला. दोन खणांचं घर माझं झालं.

पाठीमागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. सहदेव.

त्याच्या ढोपराला खरचटलं होतं. अर्ध्या वाटेवर शेवाळ लागलं, पुढं जाता आलं नाही, वेटोळं तिथंच कपारीत टाकून परत आलो, असं तो माझ्या कानात ओरडून सांगत होता. "काहून असे पाहून राह्यले, पंत?"

मी दोराचं टोक अजून धरलेलं होतं. वरून पुन्हा दोन हिसके आले.

शुद्ध ७.

काल सगळं सानूला सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. खूप चालून आलेला माणूस ओझं टाकतो तसा खाली बसला.

पहाटे निघायचं होतं. निघालो नाही. वर कुठंतरी डोंगरात पाऊस झाला असणार; फट पाण्याखाली गेली आहे. सहदेवनं पायवाट पाहिली, तर अर्ध्यावरची दरड कोसळली आहे. वर जायला आता फक्त दोर. तो धारेच्या बाजूला लोंबतो आहे, टोक जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. बांधून घ्यायला सोयीचं.

सानूनं राहिलेली गोष्ट सांगितली. त्याचा साळा मेल्यावर अकोटचे दोघं मध घ्यायला इथं आले होते. एक वर गेला, एक खाली डोहात आला. जो वर पोचला तो म्हणे, मला माझ्या बायकोच्या भावानं ओढलं. त्याचा तो साळा त्या वेळी अकोटात दुकानावर बसला होता. म्हणजे वर सानूचाच साळा असतो असं नाही. जो बांधून घेतो, त्याच्या बायकोचा भाऊ असतो. जिता असो की मेलेला.

मग सानूनं आम्हा दोघांना एकेक करून विचारलं, तुमचं तुमच्या साळ्याशी कसं आहे?

सहदेव हसला. मीही हसलो. सवय आहे.

शुद्ध ८. सकाळ.

पाणी कपारीच्या दुसऱ्या पायरीवर. ज्वारी भिजली.

सानू वर जातो आहे. वाडीतून माणसं आणि वेलींची शिडी घेऊन परवा येईन म्हणाला. तोवर दोराला हात लावू नका, हे तीनदा बजावलं. दोर कमरेला बांधण्याआधी त्यानं त्या टोकाला हात जोडले, आणि कोरकूत काहीतरी म्हणाला. आवाज बायकोच्या माणसांशी बोलतानाचा. दोन हिसके.

वर गेला. पाळण्यातलं मूल उचलावं तसा. एकदाही कड्याला घासला नाही. वर पोचल्यावर खूण म्हणून डोक्याचं फडकं खाली टाकलं.

थोड्या वेळानं दोर पुन्हा खाली आला. बोलावल्याशिवाय.

शुद्ध ८. दुपार.

पाणी चौथ्या पायरीवर. सहदेव बोलत नाही. त्यानं बोलावं असं वाटतं आहे, हे लिहून ठेवतो. माझ्या हातून असं काही लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं.

तो म्हणतो, परवापर्यंत पाणी थांबत नाही. खरं आहे. मी म्हटलं, दोराला हात लावू नका असं सानूनं सांगितलं होतं. तो म्हणाला, "साळा तिकडं दर्यापुरात बसला हाये पंत, भाकर खाऊन राह्यला असन. तो कायले येते इथं?" हे तो मला सांगत नव्हता.

मी अडवायला हवं होतं. मी मनात म्हटलं, आधी हा जाऊन पाहू दे. हे वाक्य खोडत नाही.

शुद्ध ८.

सहदेवनं दोर बांधून दोन हिसके दिले, आणि आठ पुरुष वर गेला. मी चिंध्या मोजत होतो. तिथं दोर थांबला. सहदेवनं वर पाहिलं. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यानं आधी हात जोडले. एवढ्या आवाजात त्याचं बोलणं मला कसं ऐकू आलं ते ठाऊक नाही. स्पष्ट ऐकलं.

"किसनराव, घेऊन येतो ना जी तिले. या दिवाळीले आनतो. किसनराव —"

दोर सैल झाला.

डोहात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. धारेनं गिळला.

शुद्ध ९.

दोर पुन्हा खाली. गाठ सुटलेली, टोक कोरडं. धारेच्या शेजारी असून कोरडं.

पाणी सहाव्या पायरीवर. वर अजून दोन आहेत.

आता लिहितो, कारण नंतर लिहिता येईल असं नाही. माझ्या मेव्हण्याचं नाव भगवंतराव. तीन वर्षं माझी बायको त्याच्या घरी जेवते. त्यानं मला एका अक्षरानं बोल लावला नाही, आणि हेच मला सहन झालं नाही. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात मी त्याच्यावर लेख लिहिला. नाव बदललं होतं, पण चष्मा, चाल, खोकला, जेवताना मोजून तूप वाढणं, सगळं त्याचं. पेठ महिनाभर हसत होती. त्याच्या मुलीची सोयरीक जमत आली होती; मुलाकडच्यांनी तो लेख वाचला आणि पाऊल मागं घेतलं. मुलगी अजून घरात आहे. माझी नोकरी गेली ती त्याआधीच्या अशाच एका लेखापायी. मला वाटत होतं, सगळ्या लेखांची शिक्षा तीच.

भगवंतरावावरच्या लेखातलं एक वाक्य अजूनही मला आवडतं. हे खरं आहे.

शुद्ध ९. ऊन कलतं आहे.

सातवी.

सानू उद्या येणार. उद्या.

हाका मारल्या. वरून दोन हिसके आले.

दसरा.

आठवी पायरी. घोट्यापर्यंत. सानू नाही. शिडी नाही.

कुणीतरी वर आहे. बसून आहे. खोकला ऐकू येतो — कोरडा, दोनदा, मग घसा साफ करणं — मी तो लिहिला आहे, मला तो पाठ आहे —

पाणी गुडघ्यांपर्यंत.

बांधला. कमरेला, दोन वेढे, गाठ पुढं. दोन हिसके दिले.

दोर ताठ झाला आहे. टाचा सुटल्या, बोटांवर उभा आहे, वही छातीशी. ओढत नाही. थांबला आहे. वरून विचारतो आहे. मोठ्यानं नाही, घरातल्या घरात विचारावं तसं. जमुनेला केव्हा नेणार. एवढंच. मुलीचं काही विचारलं नाही. लेखाचं काही नाही.

सरळ सांगायचं. एकदा तरी सरळ —

वर पाहिलं. चष्मा दिसला. जिभेवर आधी कोटीच आली. चांगली होती. ती गिळली आणि म्हटलं, भगवंतराव, मी