सुनीलरावांच्या हजेरीतले माझे दोन दिवस

दासगाव, ता. महाड
१२ फेब्रुवारी

ती. सासूबाई ठकूबाई यांच्या चरणी जावई हर्षदचा नमस्कार.

तुमचे गुडघे, काळी म्हैस आणि सुनीलरावांचा पाय, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (पायाची चौकशी रीत म्हणून केली.) पत्र नात सेजलकडून वाचून घ्या, तेही तुमची लेक अनुपमा पाण्याला गेलेली असताना. सेजलनं आवाज जरा चढवावा, म्हणजे पडवीतल्या खाटेवर तिच्या बापाला ऐकू जाईल. फोनच केला असता, पण हल्ली तुमचा फोन सुनीलरावच उशाशी घेऊन झोपतात.

पेंढ्याच्या उडवीवरून पडून पाय मोडला तरी घरबसल्या सत्तर टक्के पगार मिळतो, हे मला तुमच्या मुलाकडे बघून कळलं. कारखाना आमचा एक, मुकादम एक, कामगार विम्याची कपात दोघांच्याही पगारातून होते. म्हणून गेल्या आठवड्यात मला कावीळ झाली तेव्हा आरशात पिवळे डोळे बघून (खोटं कशाला बोलू) आधी बरंच वाटलं. दाखला घेऊन विमा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एप्रिल ते सप्टेंबर अठ्ठ्याहत्तर दिवस भरायला हवे होते, तुमचे शहात्तरच आहेत. पैसे मिळणार नाहीत. सुनीलरावांचे मात्र नेमके अठ्ठ्याहत्तर भरलेत, हे त्यांनीच मला मिशीला पीळ देत सांगितलं होतं.

आता माझे दोन दिवस कुठे गेले ते ऐका. जुलैत लावणीसाठी मी रजा टाकली आणि नेमकी कंबर धरली. सुनीलराव म्हणाले, "भाऊजी, तुमचा चिखल मी बघतो, तुमी माज्या जागंवर उभं ऱ्हावा. सावडच हाय ही, दिसाला दिस." दोन दिवस ते माझ्या शेतात वाकले आणि मी त्यांच्या नावानं यंत्रापुढे उभा राहिलो. (मुकादमाला डोकी मोजायची असतात, तोंडं नाही.) वाकायचं वाचलं म्हणून तेव्हा मी मनात हसलोसुद्धा.

म्हणजे त्यांच्या अठ्ठ्याहत्तरांतले दोन माझे आहेत. जळतो मी, सासूबाई, अगदी उघड जळतो. खाट त्यांना, पगार त्यांना, कोंबडीचा रस्सा त्यांना, आणि वाढायला माझी बायको. मी इथे एकटा बिनतेलाची पेज गिळतोय.

आपला जावई,
हर्षद

ता. क. सावडीचं बाहेर कुठे बोलू नका. असं दुसऱ्याच्या नावावर उभं राहणं गुन्हा आहे म्हणे. दोघांचीही नोकरी जायची.

ता. क. दुसरा. रागात लिहिलं. त्यांनी लावलेलं भात चांगलं आलं, हेही खरं. सेजल, हे पत्र आत्याला दे. तिला माझी कावीळ माहीत नाही. भावाचा पाय मोडलेला, म्हणून रोज तिच्या फोनवर बरा आहे म्हणत आलो. दुपारी ताप चढतो, तेव्हा तांब्या उचलवत नाही. तिला पाठवा. सरकारनं मला आजारी धरलं नाही, तिनं तरी धरावं.