मिरवणुकीखालचा डबा

ती. इझोबेलताईस,

मर्व्हिनचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला, की अजून रात्रभर साथसंगत चालू आहे? इकडे मी ठीक आहे, म्हणजे जेवण जातं. घराबाहेर पडायची सोय राहिलेली नाही, एवढंच. राटा क्रीकमध्ये तोंड दाखवायला मला आता जागा नाही, आणि ती का नाही हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवावं म्हणून हे पत्र.

माझी लॉर्ना गेल्यापासून मी जिओकॅशिंगच्या नादी लागलो, हे तुला ठाऊक आहेच. (तू त्याला 'म्हातारपणीचा लपंडाव' म्हणतेस. म्हण.) एकाने डबा लपवायचा, त्याची जागा नकाशावर टाकायची, आणि दुसऱ्यांनी फोन हातात धरून तो शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि गुपचूप परत ठेवायचा. 'गुपचूप' हा त्यातला मुख्य शब्द. बघ्यांना काही कळता कामा नये. या गावात मला फारसं कोणी विचारत नाही (मीही कोणाला विचारत नाही), पण दूरदूरच्या या डबेवाल्यांशी माझं छान जमतं. म्हणून यंदा ख्रिसमसच्या तोंडावर मी त्यांचा मेळावा आमच्या गावात बोलावला. शनिवारी सकाळी, पोस्टाजवळच्या पुलावर. पुलाखाली खास नवा डबा बसवला. सँडविचेससुद्धा केली, अंड्याची.

गावची ख्रिसमसची मिरवणूक रविवारी असते. यंदा रविवारी पाऊस सांगितला म्हणून कमिटीने ती शनिवारी आणली आणि तशी चिठ्ठी दुकानाच्या दारावर लावली. मी दूध पेट्रोलपंपावरून आणतो. (दुकानदाराशी माझं दोन हिवाळ्यांपूर्वी चीजवरून बिनसलं आहे.) तेव्हा शनिवारी सकाळी मी सँडविचेस घेऊन पोचलो, तर पुलावर बॅगपाइपवाल्यांचा बँड, मागे गवताच्या गठ्ठ्यांनी सजवलेले ट्रॅक्टर, आणि सगळ्यात शेवटी ट्रेलरवर सांताक्लॉज, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, कापसाच्या दाढीत घामाघूम. आणि या गर्दीत माझे पाहुणे. सगळे आपण काहीच शोधत नाही असा चेहरा करून पुलाच्या कठड्यावरून डोकं खाली घालून लोंबकळत होते. ताई, माणूस काही शोधत नसल्याचा आव आणतो, तेव्हा त्याच्याइतका संशयास्पद दुसरा कोणी दिसत नाही.

कमिटीच्या अध्यक्षा ग्लेनिसबाई हॉस्किन यांनी ते पाहिलं. मग पुलाखाली काळ्या टेपने गुंडाळलेला करडा डबा पाहिला. मग त्यांनी आमचे हवालदार लेओटा यांना बोलावलं. हवालदार येताना दिसताच डेटलेफ नावाचा माझा एक जर्मन पाहुणा गुप्ततेचा नियम पाळण्यासाठी पळाला. त्याने तो नियम फार मनापासून पाळला, अगदी ओढ्याच्या पाण्यात शिरून.

मिरवणूक थांबली. सगळ्यांना रग्बीच्या मैदानावर मागे हटवलं. आपल्याकडचा ख्रिसमस भर उन्हाळ्यातला, त्या उन्हात बँडवाल्यांचे चेहरे टोमॅटोसारखे झाले, आइस्क्रीम वितळलं, पोरं रडायला लागली. लेओटांनी मलाही विचारलं, "काका, तो डबा कुणाचा, काही कल्पना?" आणि मी, वयाला न शोभेल अशा चटपटीतपणे, म्हणालो, "कसला डबा?" मग कळलं, की आता बॉम्ब निकामी करणारी लष्कराची माणसं शहरातून येणार, त्यात दुपार उलटणार, आणि मिरवणूक रद्द. ती पोरं वर्षभर त्या ट्रॅक्टरवर बसायची वाट बघत होती गं. मी हात वर केला.

मला वाटलं, हळूच सांगून मोकळं व्हावं. पण ग्लेनिसबाईंनी लाउडस्पीकर माझ्या तोंडासमोर धरला तो धरलाच. तेव्हा डबा माझाच आणि त्या डब्यात रबरी बदक, एक प्लास्टिकचा डायनासोर आणि सह्यांचा कागद आहे, हे मी अख्ख्या गावाला मोठ्या आवाजात सांगितलं. मग मागून कोणी शेतकरी शांतपणे म्हणाला, "मर्व्हिन, तू परत लग्न का करत नाहीस?"

लेओटांनी डबा उघडला. ओढ्यातून बाहेर आलेला डेटलेफ ठिबकत पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, हातासरशी सही केली तर चालेल?" इथपर्यंत सगळं निस्तरता आलं असतं. पण एका मुलीने विचारलं, "असे अजून आहेत?" आणि लाउडस्पीकर अजून माझ्याच तोंडासमोर असल्यामुळे मी खरं ते बोललो.

ताई, मिरवणूक तिथेच संपली. पोरं सुटली, पोरांमागे आईबाप सुटले. चर्चची पाटी उपटली गेली. ग्लेनिसबाईंच्या बागेतल्या बेगोनियांत नांगर फिरल्यासारखं झालं. सांताक्लॉज ट्रेलरवर एकटाच बसून होता, मग त्यानेही दाढी काढून खिशात घातली आणि मला विचारलं, "सगळ्यात जवळचा कुठला?" संध्याकाळपर्यंत मी गावात लपवलेला एकही डबा जागेवर उरला नाही. मेळावा गेला, मिरवणूक गेली, सँडविचेस गरम होऊन गेली. आता या गावात माझं काही उरलेलं नाही.

तुझा दुर्दैवी भाऊ,
मर्व्हिन

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुमची मागची खोली रिकामी असेल, तर ख्रिसमसच्या आधीच येतो आणि लोक विसरेपर्यंत राहतो. मी थोडं जेवतो, भांडी घासतो.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तर दार वाजलं. ग्लेनिसबाई. मी पडद्यामागे उभा राहिलो. त्या खिडकीतून म्हणाल्या, "मर्व्हिन, तुमचे बूट दिसताहेत." मला वाटलं, बेगोनियांचा जाब विचारायला आल्या. तर म्हणाल्या, गावातली पोरं अशी एकत्र धावताना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी मिरवणुकीची वाट मी आखावी, मंगळवारी त्यांच्या घरी कमिटी बसते. मग जरा थांबून विचारलं, ख्रिसमसला जेवायला कुठे आहात? मी घाईघाईने सांगून बसलो, की ताईकडे. त्या "बरं" म्हणाल्या, पण लगेच गेल्या नाहीत. पायरीवर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, बेत बदललाच तर कळवा, मी आदल्या दिवशी पुन्हा डोकावेन.

शेवटचं ता. क. ताई, एवढं माझं काम कर. पत्र मिळताच फोन करून मला सांग, की मागची खोली रिकामी नाही. जरा ठामपणे सांग, मला खोटं नीट बोलता येत नाही हे आता गावाला माहीत झालंय. मी शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे.